सात वळसे

"उरलेली कांडी?" नर्सनं हात पुढे केला.

"मोरीत पडली," त्रिशला म्हणाली. "धुताना हातातून निसटली आणि गेली वाहून."

नर्सनं समोरच्या पडद्यावर एक खूण केली आणि पुढच्या बाईला हाक मारली. संपलं. जिनं शाळेत कधी शेजारणीच्या पेपरात डोकावून पाहिलं नव्हतं, तिचं पहिलं धडधडीत खोटं असं सहजासहजी पचून गेलं. त्याला कारण होती तिची वही. किती वाजता दूध, किती वाजता झोप, किती वळसे, शी कुठल्या रंगाची, सगळं रकाने आखून, तारीखवार. मज्जारक्षा केंद्रात येणाऱ्या शंभर-सव्वाशे आयांमध्ये एवढी नेटकी वही कुणाचीच नव्हती. केंद्राचा त्या वहीवर विश्वास होता, म्हणून वहीवालीवरही होता.

कांडी त्या वेळी घरी होती. आत्तीच्या गुटीच्या डब्यात, वेखंड आणि मुरुडशेंगेच्या मधे, तीनातले दोन भाग उरलेली.

सहा महिन्यांपूर्वी चंदना जन्मली ती न रडता. नाळेचा वेढा गळ्याला बसला होता. त्रिशलाला आठवत होतं ते एवढंच, की खोलीत चार माणसं असून एकही आवाज नव्हता आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा नऊ मिनिटं पुढे सरकला होता. मग एक किरटं, मांजराच्या पिल्लासारखं रडं. तिचा नवरा श्रीपाल बाहेर व्हरांड्यात होता. मिरजेत तंतुवाद्यांच्या कारखान्यात तो जवारीचं काम करायचा. कान हेच त्याचं भांडवल. तो नंतर म्हणाला, "रडण्यात स्वरच नव्हता गं. नुसती हवा."

केंद्रातल्या डॉक्टर यास्मिन मुल्ला पहिल्या दिवशीच दोघांना समोर बसवून बोलल्या होत्या. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही की काही पेशी तिथल्या तिथं मरतात, त्यांना कुणी वाचवू शकत नाही. पण खरा घात होतो तो पुढच्या दिवसांत आणि आठवड्यांत. प्रत्येक पेशीच्या पोटात तिच्या स्वतःच्या मरणाचा हुकूम आधीपासून लिहिलेला असतो. शेजारीण मेली, की तिच्यातून सांडलेल्या रसायनांनी हिच्यातला हुकूम जागा होतो, मग पुढच्या पेशीतला. आग लागते एका झोपडीला आणि जळते सगळी वस्ती. पूर्वी अशी बाळं तीन दिवस गार करून ठेवत. त्यानं आग मंदावे, विझत नसे. 'स्थिरा' हे नवं औषध त्या हुकुमालाच कुलूप घालत होतं.

औषध कांडीच्या रूपात द्यायची कल्पना डॉक्टर मुल्लांचीच. थेंब उन्हाळ्यात नासत, ड्रॉपरनं दिले की बाळ निम्मे थुंकून टाकी. मग त्यांनी ठरवलं, बायकांच्या हाताला जे पिढ्यान्‌पिढ्या येतं तेच वापरायचं. स्थिराची बोटभर लांब, टणक कांडी आणि केंद्रानंच दिलेली सहाण. एका वळशाला किती औषध उतरतं हे तोलून बघितलेलं. दुधाचे चार थेंब, सात वळसे, बोटानं जिभेवर. कांडी तुटते-झिजते म्हणून तिपटीनं लांब दिलेली. उरली तर परत आणायची.

"साडेचार महिने रोज सात," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "मग दर आठवड्याला एक वळसा कमी. सहा महिन्यांनी शून्य. कुलूप काढावंच लागतं."

"का पण?" त्रिशलानं विचारलं. ती रसायनशास्त्राची पदवीधर. लग्नाआधी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं उसाचा रस तपासत होती. तिला कारण लागायचं.

"कारण मरण मेंदूलाही लागतं. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या मेंदूत गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या असतात. जगातला कुठलाही आवाज, कुठलाही चेहरा, सगळं सारखंच आत येतं. मग ज्या जोडण्या वापरात येतात त्या टिकतात, बाकीच्या सुकून गळतात. गळतात म्हणूनच उरलेल्या ठळक होतात. आईचा आवाज वेगळा वाटायला लागतो तो त्यामुळे."

श्रीपाल एकदम म्हणाला, "म्हणजे जवारी काढायची."

डॉक्टरांना कळलं नाही. त्यानं बोटांनीच दाखवलं. तानपुऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते, ती नवी असताना तार सगळीकडे टेकते आणि आवाज बसका येतो. कानशीनं केसभर, केसभर काढत जायचं. एका ठिकाणी तार बोलायला लागते. "घातलेलं काही नसतं त्यात. काढलेलं असतं फक्त."

"अगदी तेच," डॉक्टर हसल्या.

त्रिशलानं ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

वळसे उतरवायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा आत्तीनं तोंड उघडलं. आत्ती म्हणजे श्रीपालची सख्खी आत्या. तिनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं, आणि गल्लीतल्या निम्म्या पोरांना तिच्या हातची गुटी.

"पोर वाढालीया आन् तू औषध उतरवालीस?" हळकुंड उगाळता उगाळता ती म्हणाली. "गुटीला म्हैन्याला एक वळसा चढवत्यात. पोराचं अंग वाढतंय तसं. खाली येणारं औषध म्या न्हाई बघितलं बाई."

"आत्ती, ही गुटी नाही."

"सहाण हाय, कांडी हाय, वळसं मोजत्यात. आन् गुटी न्हाई म्हनं!"

त्रिशला हसली आणि सहावरून पाचावर आली. पाचावरून चारावर. चाराच्या आठवड्यात जयसिंगपूरच्या सारिकाचा व्हिडिओ आला. सारिका तिच्याबरोबरच वॉर्डात होती, तिचा आरुष चंदनाहून महिन्याभरानं मोठा. त्याचं औषध नुकतंच शून्यावर आलं होतं. व्हिडिओत त्याचे डोळे वर गेले होते, अंग धनुष्यासारखं ताठ, आणि मागे सारिका ओरडत होती, "बंद केलं म्हणून झालं! बंद केलं म्हणून!"

तो साधा तापाचा झटका होता. डॉक्टर मुल्लांनी दोन दिवसांनी सगळ्यांना तसं कळवलं, आणि आरुष पुढे चांगला खेळायलाही लागला. पण ते दोन दिवस मधे होतेच. त्या दोन दिवसांत त्रिशला चारावरून परत सातावर गेली होती.

एकदा गेल्यावर उतरणं जमेना. चार वळसे घातले की हात थांबायचा आणि डोळ्यांसमोर ते धनुष्य यायचं. मग तिनं तिच्या पद्धतीनं, कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. सात वळसे सुरू झाले तेव्हा चंदना तीन किलोची होती, आता सहा. म्हणजे सातसुद्धा किलोमागे निम्म्यावर आले. म्हणजे उतरवणं आपोआपच झालंय. म्हणजे आत्ती म्हणते त्यात तथ्य आहे. तिन्ही वाक्यं वेगवेगळी बघितली तर कुठंच चूक सापडत नव्हती. पहिल्या वाढदिवसापर्यंत ती अकरा वळशांवर पोचली. वहीत लिहायची: शून्य.

वाढदिवसानंतरची तपासणी दृष्ट लागावी अशी झाली. डॉक्टर मुल्लांनी पडद्यावर मेंदूची दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. "हे सहाव्या महिन्यातलं. हे आजचं. एकही जागा रिकामी झालेली नाही. मी असं चित्र आजवर बघितलं नव्हतं, त्रिशलाताई." मग कागद चाळत, "रक्तात मात्र स्थिराचा अंश सापडतोय. सहा महिन्यांनीही. घरी काही राहिलं नव्हतं ना?"

"नाही. मोरीत पडली ना ती."

"हो, नोंद आहे. मग शरीरातच साठून राहतंय. आम्हाला वाटलं होतं त्याहून खूप जास्त टिकतं हे." त्यांनी वही मिटून परत दिली. "अशी वही आहे म्हणून खात्रीनं बोलता येतं."

परत येताना श्रीपालनं रिक्षात चंदनाला मांडीवर उभं धरलं आणि तिच्या पोटात तोंड खुपसून फुर्र केलं. ती हसली. रिक्षानं गिअर बदलल्याचा आवाज झाला, त्यालाही हसली. शेजारून सिमेंटचा मिक्सर घरघरत गेला, त्यालाही.

"कशालाही हसतेय बघ, वेडी," श्रीपाल कौतुकानं म्हणाला.

त्रिशला बघत होती. बघणं हाच तिचा धंदा झाला होता. चंदनाच्या तळहाताला बोट लावलं की मूठ मिटायची. जन्मल्यापासून मिटायची; पहिल्या महिन्यात त्या मुठीनंच त्रिशलाला जिवंत ठेवलं होतं. पण पुस्तकात लिहिलं होतं, ही पकड पाच-सहा महिन्यांत जाते आणि मग बाळ स्वतःच्या मनानं धरायला लागतं. मनानं सोडायलाही. चंदनाची पकड गेली नव्हती. खुळखुळा दिला की मूठ मिटायची आणि उघडायचीच नाही. खेळून मन भरलं, रडायला लागली, तरी खुळखुळा हातातच. एकेक बोट सोडवून काढावा लागे. दार आपटलं की दोन्ही हात अजूनही हवेत उडायचे, आठ दिवसांच्या पोरासारखे.

चौदाव्या महिन्यात कांडी संपली. त्रिशला वाट बघत बसली, आता काहीतरी बदलेल. वाईट तरी. काहीच बदललं नाही.

एका रविवारी सकाळी श्रीपाल कारखान्यातून तानपुरा घेऊन आला. चंदनाला आत्तीच्या मांडीवर बसवून त्यानं तिच्या मागे बसून षड्ज छेडला. ती हसली. मग त्यानं आत्तीला खूण केली. आत्तीनं ताटलीवर चमचा आपटला. चंदना तशीच हसली. मग तो म्हणाला, "त्रिशला, तू हाक मार."

"चंदना!"

तेच हसू. तेवढंच. मान कुणाकडेच वळली नाही.

त्यानं पुन्हा पुन्हा करून बघितलं. षड्ज, ताटली, आई, नळ, आई, ताटली. शेवटी तानपुरा भिंतीला टेकवून तो बसून राहिला. "बहिरी नाही ही. हिला सगळंच ऐकू येतं. निवडता येत नाही." आणि मग, स्वतःशीच, "न काढलेल्या घोडीसारखं."

त्रिशला उठून स्वयंपाकघरात गेली. गुटीचा डबा उघडला. कांडीची जागा रिकामी होती, तरी ती तिथं बोट फिरवत उभी राहिली.

"अशा मुलांना उशीर होतोच," डॉक्टर मुल्ला फोनवर म्हणाल्या. "जन्माच्या वेळचा मार असतो तो. मेंदू शाबूत आहे, बोलेल. आणि ऐका, बुधवारी या. एक काम आहे तुमच्याकडे."

बुधवारी केंद्राच्या तळमजल्यावर सतरंज्या घातल्या होत्या. त्यांवर अकरा आया, अकरांच्या मांडीवर अकरा बाळं, प्रत्येकीसमोर नवीकोरी सहाण आणि कागदात गुंडाळलेली कांडी. पूर्वीपेक्षा लांब.

"ही नवी तुकडी," डॉक्टर मुल्ला उत्साहानं म्हणाल्या. "यांना आपण सहा महिन्यांऐवजी पूर्ण वर्ष देणार आहोत. समितीनं काल मान्यता दिली. चंदनाच्या रक्तात वर्षभर औषध राहिलं, काही अपाय नाही, उलट एवढं सुंदर चित्र. सगळा आधार तुमच्या वहीचा आहे." त्या बायकांकडे वळल्या. "या त्रिशलाताई मगदूम. उगाळायचं कसं, ते या दाखवतील. मोजायचं कसं तेही."

चंदनाला कडेवरून उतरवून श्रीपालनं घेतलं. तो आज मुद्दाम सुट्टी काढून आला होता. बायकोला चार लोकांत मान मिळतोय म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून.

त्रिशला सहाणेसमोर बसली. दुधाचे चार थेंब टाकले. कांडी हातात धरली, आणि अंगठ्याला तिचा ओळखीचा खडबडीतपणा जाणवला. समोर अगदी जवळ एक पोरगेली आई बसली होती. मांडीवर बाळ, गुडघ्यावर वही. रकाने आखून आणलेली. ती त्रिशलाच्या हाताकडे डोळ्याची पापणी न लववता बघत होती.

"एक..." त्रिशला म्हणाली. "दोन..."

पोरीनं वहीत लिहिलं.

"ताई," पोरीनं हळूच विचारलं, "चुकून एखादा जास्त पडला तर चालतो का हो?"

त्रिशलाचा हात थांबला.

आपण काही न बोलता सातापर्यंत जाऊ शकतो, हे तिला लख्ख दिसत होतं. सात म्हणायचं, हात धुवायचे, चहा घ्यायचा, घरी जायचं. चंदनाचं जे झालंय ते बोलून बदलणार नाही. श्रीपालला कधी कळणार नाही. हा जन्माच्या वेळचा मार, असंच सगळे म्हणत राहतील, आणि काही वर्षांनी तिलाही ते खरं वाटायला लागेल. आणि या अकरा जणींच्या घरी अकरा मुठी मिटलेल्या राहतील.

"नाही चालत," ती म्हणाली. कांडी खाली ठेवली. "डॉक्टर, ती मोरीत पडली नव्हती."

कुणालाच काही कळलं नाही. डॉक्टर मुल्लांना कळलं. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला.

"किती?"

"सात. मग वाढवत अकरा. रोज. आठ महिने."

"वहीत शून्य आहे."

"हो."

डॉक्टर मुल्ला खाली वाकल्या आणि एकेकीसमोरची कांडी स्वतःच्या हातानं उचलत गेल्या. वहीवाली पोरगी कांडी सोडेना. "पण मग आमचं काय? आमच्या बाळाला द्यायचंच नाही का?" ती रडायला लागली. "सहा महिने," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त सहा. आणि यापुढे इथं येऊन, माझ्यासमोर."

नंतर वरच्या खोलीत त्या तिघांनाच घेऊन बसल्या. रागावतील असं त्रिशलाला वाटलं होतं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता कांडी संपलीय," त्रिशला म्हणाली. "चार महिने झाले. आता कुलूप उघडलंय ना? आता गळेल ना जे गळायचं ते?"

"कुलूप उघडलंय. पण या गोष्टींना हंगाम असतो, त्रिशलाताई. पहिल्या वर्षात मेंदू प्रत्येक आवाजाला, प्रत्येक चेहऱ्याला विचारतो, हे ठेवू का टाकू? चंदनाच्या मेंदूला टाकायची परवानगीच नव्हती. म्हणून त्यानं विचारायचंच सोडलं. सगळं ठेवून घेतलं, आणि वरून घट्ट झालं."

श्रीपाल इतका वेळ खाली बघत होता. "नंतर काढता येत नाही? माझ्याकडे तीस-तीस वर्षांच्या घोड्या येतात. जुनी झाली तरी काढता येते. हळूहळू, केसभर..."

"ते लाकूड आहे, श्रीपालराव."

त्यानं मान हलवली, जणू एखाद्या गिऱ्हाइकानं त्याला त्याच्या कामातली चूक दाखवली होती.

"म्हणजे ती मला ओळखणार नाही?" त्रिशलानं विचारलं.

डॉक्टर मुल्लांनी खोटं सांगितलं नाही. "व्यायाम देऊ. थोडंफार येईल. तुम्हाला बाकीच्यांपासून वेगळं काढण्याइतकं येईल, असं मी म्हणणार नाही." मग टेबलाच्या खणातून त्यांनी एक कोरी वही काढली. "रोज सकाळी तळहाताला बोट लावायचं आणि मूठ आपणहून किती वेळात सुटते ते मोजायचं. लिहून ठेवा." वही पुढे सरकवताना त्या थांबल्या. "खरं लिहा."

आत्तीला सांगावंच लागलं. ऐकून ती देवासमोरच्या पाटावर बसली, ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. मग तिनं एकदाच विचारलं, "म्या म्हटलं म्हनून केलंस व्हय गं?"

"नाही आत्ती. मी हिशेब करून केलं."

श्रीपाल बोलायचा बंद झाला. भांडला नाही, घर सोडून गेला नाही. जेवायचा, चंदनाला फिरवून आणायचा, तिचे कपडे वाळत घालायचा. फक्त त्रिशलाशी बोलायला त्याच्याजवळ काही नव्हतं. कारखान्यातला त्याचा जोडीदार सांगत आला, श्रीपालअण्णा दोन दिवस एकच घोडी घासतोय. पार पातळ केली, फेकून द्यावी लागली.

दहाव्या दिवशी सकाळी त्रिशला खिडकीपाशी चंदनाला मांडीवर घेऊन बसली होती. तळहाताला बोट लावलं, मूठ मिटली. वही शेजारी उघडी. काल चार मिनिटं दहा सेकंद. परवा चार मिनिटं पाच. ती मोठ्यानं मोजत होती. निदान आपला आवाज तिच्या कानावर पडत राहील.

"दोनशे एकोणपन्नास... दोनशे पन्नास..."

कालचा आकडा मागे पडला. मूठ घट्टच होती.

आत आत्तीनं पातेलं घासायला घेतलं. चंदना हसली. त्रिशलानं बोट न हलवता वाकून तिच्या कपाळाला कपाळ लावलं. "चंदना, मी आहे गं. मी." चंदना हसली. बाहेर नळाला पाणी आलं. चंदना हसली.

श्रीपाल कामाला निघाला होता. चपला घालता घालता तो दारात थांबला, मग परत आत आला आणि समोर बसला. दहा दिवसांनी तो पहिल्यांदा बोलला.

"दे इकडे. बोट काळंनिळं झालंय तुझं."

त्यानं चंदनाची बोटं एकेक करून उचलली, कारखान्यात तार उतरवतात तितक्या हलक्या हातानं. त्रिशलाचं बोट बाहेर काढलं आणि त्या जागी स्वतःचं सरकवलं. मूठ पुन्हा मिटली.

दोघंही चंदनाच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कुठलं बोट गेलं, कुठलं आलं, याची एक रेषाही तिथं उमटली नाही.

"एक," श्रीपाल मोजू लागला. "दोन..."

त्रिशलानं वही ओढून घेतली आणि कालच्या आकड्याखाली लिहिलं: सुटली नाही.